पळायचं न्हाई

काटकर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शिक्षक खोलीच्या दारात, आणि पाहताक्षणी मला हा माणूस आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते. पुढं त्यांच्याविषयी चार बरे शब्द येतील, तेव्हा कुणाला वाटायला नको की मी पहिल्यापासून शहाणी होते.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. मुख्याध्यापक त्यांना घेऊन आले आणि म्हणाले, "हे हणमंत काटकर, आपले नवे क्रीडाशिक्षक. वडूजकडचे आहेत. फौजेत होते." आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला. नव्या माणसानं अशा वेळी हसावं आणि मिळेल त्या खुर्चीत बसावं. हे गृहस्थ उभेच राहिले. खोलीभर नजर फिरवली, खिडक्या पाहिल्या, मग कोपऱ्यातल्या खुर्चीकडं बोट करून म्हणाले, "ही कुणाची?"

ती माझी होती. अकरा वर्षं माझी होती. पाठीला भिंत, समोर दार, डाव्या हाताला खिडकी.

"माझी," मी म्हणाले.

"मला मिळंल का? हितनं दार दिसतं."

दार बघून काय करायचंय, असं मी विचारणार होते. पण मुख्याध्यापकांनी माझ्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं की मुकाट्यानं उठावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी दाराकडं पाठ करून बसायला लागले आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा वारा मानेवर घेऊ लागले.

मी गणित शिकवते. मूळची सांगलीची, मगदूमांच्या घरातली. शाळा पलूस तालुक्यातल्या एका उसाच्या गावात. आमच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवायची पद्धत, आणि माझी स्वतःची पद्धत म्हणजे सगळं मोजायचं. जिन्याच्या पायऱ्या, खिडकीचे गज, प्रार्थनेला उभ्या असलेल्या रांगा. मोजलं की खात्री पटते. माणसांच्या बाबतीत ती सोय नाही, म्हणून माणसांवर माझा विश्वास जरा बेतानंच.

तिसऱ्याच दिवशी आमच्या शिंदे क्लार्कनी मला ऑफिसात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि मोबाइल पुढं केला. "बघा बाई. ह्यो कोण वळखा."

वीसेक सेकंदांचा व्हिडिओ होता. कुणीतरी हातात मोबाइल धरून पळता पळता काढलेला, त्यामुळं सगळं हलणारं. रुंद रस्ता, कडेला लोखंडी कठडे, फाटलेले फलक, धूर. माणसं ओरडत पळतायत, कुणी पडतंय, कुणी मुलाला कडेवर घेऊन कठड्यावरून उडी टाकतंय. आणि त्या सगळ्या गोंधळातून छातीवर नंबर लावलेला एक माणूस चालत येतो. घाई दिसते, पण पळत नाही. कोपरं आखडलेली, कमर हलतेय, नजर सरळ समोर. रस्त्यात त्याच्यासारखीच बनियन घातलेला एक जण पडलाय. हा त्याच्या शेजारून जातो, पुढं जातो आणि चित्रातून बाहेर पडतो. मग व्हिडिओ संपतो.

"काटकर सर," मी म्हणाले.

"तेच. बाँब फुटलाय, मानसं जिवाच्या आकांतानं पळत्यात, आन ह्यो बाबा फिरायला निघाल्यागत चाललाय. म्हाईत असल्याबिगार कोन आसं चालतंय का?"

गावात हा व्हिडिओ काटकर सरांच्या आधीच पोचला होता. चहाच्या टपरीवर, सोसायटीत, सगळीकडं तो फिरत होता. ह्याला माहीत होतं, हे एक वाक्य जो तो खालच्या आवाजात दुसऱ्याला सांगायचा. मीही ते घरी जाऊन सांगितलं. खोटं कशाला बोलू, सांगताना मला जरा बरंही वाटलं, कारण माझी खुर्ची गेली होती.

चालण्याचीही शर्यत असते हे मला तोवर माहीत नव्हतं. ते त्यांच्याकडूनच कळलं, म्हणजे ते मैदानावर मुलींना सांगायचे ते मी वरच्या वर्गाच्या खिडकीतून ऐकायची. मागचा पाय उचलायच्या आत पुढच्याची टाच जमिनीला टेकली पाहिजे आणि तो गुडघा सरळ पाहिजे. दोन्ही पाय एका क्षणापुरते हवेत गेले की ते पळणं झालं. रस्त्याच्या कडेनं परीक्षक उभे असतात. तीन वेगवेगळ्या परीक्षकांनी लाल कार्ड पाठवलं की चालणारा बाद. काटकर सर वीस किलोमीटर असे चालायचे, आणि देशभरातले मोठे मोठे चालणारे जिथं जमतात तिथपर्यंत पोचले होते.

"टाच आदी! टाच आदी, मग पंजा!" ही आरोळी दिवसभर मैदानावरून यायची. पोरं कमर हलवत चालायची आणि एकमेकांकडं बघून खिदळायची. सर शांतपणे म्हणायचे, "हसून घ्या. तिसऱ्या फेरीला हसू आपसूक बंद हुतंय." आठवड्याभरात त्यांचं नाव 'टाच सर' पडलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटायचं नाही.

हा माणूस कधीच पळायचा नाही. घंटा होवो, पावसाची सर येवो, कुणाच्या मागं कुत्रं लागो. एकदा संध्याकाळची एसटी सुटायला लागली म्हणून आम्ही चौघी बायका पदर खोचून धावत सुटलो. दारापाशी पोचतो तर टाच सर दांडीला धरून उभे. ते आमच्या मागनं निघाले होते आणि चालत आमच्या आधी पोचले होते. वर म्हणाले, "पळून दम जातोय बाई. येळ न्हाई वाचत."

त्यांच्या बाकीच्या सवयींवर मी बारीक लक्ष ठेवून होते. डावा कान कामातून गेलेला, त्यामुळं डावीकडून बोललेलं त्यांना कळायचं नाही. पोरं मुद्दाम डावीकडून उद्योग करायची. टेबलावर बेवारशी डबा दिसला की "कुणाचा हाय ह्यो?" असं विचारत खोलीभर फिरायचे आणि मालक सापडेपर्यंत बसायचे नाहीत. माझी पिशवी तर त्यांनी इतक्या वेळा विचारली की मी तिच्यावर ठळक अक्षरात नाव घातलं. शर्यतीत बाँब फुटला त्या शहराचं नाव ते कधी घेत नसत. नुसतं 'तितं' म्हणायचे. तितं असताना, तितं झालं तवा. म्हणून मीही ते इथं लिहीत नाही.

एकदा डबा खाताना ते मला म्हणाले, "बाई, तुमी कांदा खात न्हाई, लसूण खात न्हाई, कुणावर इस्वास ठेवत न्हाई. जगता तरी कशावर?"

"तुम्ही तरी कुणावर ठेवता?" मी विचारलं.

त्यांनी थोडा विचार केला. "पायावर," म्हणाले, आणि भाकरी मोडली.

कुकरचं प्रकरण त्याच वर्षी झालं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर माता-पालकांचा मेळावा होता. मुलं मैदानात रांगेनं बसलेली, आया मंडपात. टाच सर व्यासपीठाच्या बाजूनं चालले होते, ते एकदम थांबले. व्यासपीठाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं काहीतरी गोल होतं. "कुणाचं हाय ह्ये?" त्यांनी विचारलं. कुणी बोललं नाही. दुसऱ्यांदा विचारलं. मग त्यांनी शिट्टी वाजवली.

"उटा! पैली रांग, मागच्या फाटकाकडं. पळायचं न्हाई. चालायचं. टाच आदी!"

सव्वाचारशे मुलं दोन मिनिटांत मैदानाबाहेर गेली. एकही पडलं नाही, एकही रडलं नाही, कारण टाच सर रोज हेच तर करून घ्यायचे. आया मात्र किंचाळत सैरावैरा धावल्या. शिंदे क्लार्क पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसले. मी स्वतः कुठं होते ते सांगत नाही. पण एक गोष्ट मी तिथून पाहिली. मुलांची रांग हलत होती तेव्हा टाच सर त्या गाठोड्याच्या आणि रांगेच्या मधोमध उभे होते. शेवटचं मूल बाहेर पडेपर्यंत तिथून हलले नाहीत.

ठाण्यातून हवालदार आले. त्यांनी लांबूनच निरखून पाहिलं, फोन केले, आणि तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष गाडीतून उतरले. "आरं, त्यो कुकर हाय! आयांच्या संगीत खुर्चीचं पयलं बक्षीस! मीच ठिवलाय सकाळी!" अध्यक्षांनी स्वतः सुतळी सोडली. आतून पाच लिटरचा कुकर निघाला.

पुढं महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता. टाच सर दिसले की पोरं तोंडानं कुकरची शिट्टी वाजवायची. अध्यक्षांनी त्यांना ऑफिसात उभं करून फैलावर घेतलं. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "कुकर हाय ह्ये बरंच झालं की सायेब." हसणं ओसरल्यावर मात्र मागं उरला तो संशयच. ह्याला कसं काय बरोब्बर कळतं कुठं काय ठेवलंय? हा सारखा शोधतोय काय? हे विचारणाऱ्यांत मीही होते. रांगेच्या मध्ये उभा राहिलेला माणूस मी पाहिला होता, तरीही.

मुख्याध्यापकांनी शेवटी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, तुम्ही तरी ते बोलणं थांबवा. त्यांना तेव्हा चौकशीला नेलं होतं, तो व्हिडिओ बघूनच. चार दिवसांनी सोडलं. यांचा कसलाही संबंध नाही, असं कागदावर लिहून दिलंय. तो कागद त्यांच्या फाइलमध्ये आहे."

"मग ते दाखवत का नाहीत कुणाला?"

"मी म्हणालो त्यांना, फ्रेम करून लावा भिंतीवर. म्हणाले, ऱ्हाऊ द्या."

झालं. माझी शंका उलट वाढली. निर्दोष असल्याचा कागद जवळ आहे आणि तरी माणूस गावाचं बोलणं निमूट ऐकतोय, म्हणजे आत काहीतरी आहेच. गणितात एवढं कळतं.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ते सकाळच्या एसटीनं कुठंतरी जातात, हे मला ठाऊक होतं. कुठं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या वर्षी एका रविवारी मी भावाकडं सांगलीला निघाले होते. पलूसच्या स्टँडवर उभी असताना ते नदीकाठच्या गावांकडं जाणाऱ्या गाडीत चढताना दिसले. माझी गाडी समोर लागलेली होती. मी त्यांच्या गाडीत चढले, मागच्या दारानं, आणि डोक्यावरून पदर घेऊन बसले. सासरमाहेरच्या कुणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं कोण जाणे.

ते एका लहान गावात उतरले. मी चार माणसं मध्ये ठेवून मागं. एका गल्लीत दूध डेअरीचा कट्टा होता, त्यावर ते जाऊन बसले. समोर एक पत्र्याचं घर. मी डेअरीच्या बाजूला कॅन उपडे घातले होते, त्यांच्या आडोशाला उभी राहिले. अर्धा तास काहीच झालं नाही. मग समोरचं दार उघडलं आणि एक म्हातारी बाहेर आली. काटक, ताठ, हातात झाडणी. ती दारातूनच बोलली.

"जिता हुता का?"

टाच सर खाली बघत बसले.

"तुला इचारते मी. जिता हुता का, तू गेलास तवा?"

म्हातारीनं थोडी वाट पाहिली, आत गेली आणि दार लावून घेतलं. सर आणखी थोडा वेळ बसले. मग उठून स्टँडकडं चालायला लागले.

डेअरीवाल्याला मी आडून आडून विचारलं. तो म्हणाला, "हौसाक्का त्या. त्यांचा संभा आन ह्यो एका पलटणीत. दोगं बी चालायच्या शर्यतीत. संभा तितंच गेला, स्फोटात. ह्यो दर म्हैन्याला येतोय. ती इचारती, ह्यो गप. दोन वर्सं झाली बगा. तिचं म्हननं, ह्याला बाँबचं म्हाईत हुतं, म्हनून बोलत न्हाई."

त्या दिवशी भावाकडं पोचल्यावर मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. थांबवून, मागं नेऊन, मोठा करून बघितला. तो रस्त्यात पडलेला मुलगा म्हणजे संभा. टाच सर त्याच्या शेजारून जातात तेव्हा त्याचा हात वर होतो असं वाटतं. धुरामुळं नक्की सांगता येत नाही. सरांची पावलं मी मोजली. संभाच्या पुढं नऊ पावलं दिसतात, मग ते चित्राबाहेर जातात. ही नऊ पावलं मी पुष्कळदा मोजली, आणि मला त्यांचा राग आला. एवढे दिवस नुसती शंका होती. आता राग होता.

पुढच्याच महिन्यात तालुक्याच्या क्रीडास्पर्धा आमच्या मैदानावर झाल्या. चालण्याची शर्यत टाच सरांच्याच हट्टानं त्यात घेतलेली. आमची नववीतली प्रियांका सगळ्यांच्या पुढं होती. वळणावर परीक्षक म्हणून सर स्वतः उभे. शेवटची फेरी चालू असताना मागं दुसऱ्या शाळेच्या मुलीचा पाय मुरगळला आणि ती ओरडून खाली बसली. प्रियांकानं मागं पाहिलं. वळली आणि सरळ पळत सुटली, दोन्ही पाय हवेत टाकत. त्या मुलीला खांद्याला धरून उभी केली, मग पुन्हा रेषेवर येऊन चालायला लागली. तरी पहिली आली असती. पण सरांचा हात वर गेला होता. त्यात लाल कार्ड होतं, आणि शाळेच्या शर्यतीत तेवढं एकच पुरे.

प्रियांका मातीत बसून रडायला लागली. माझा संयम सुटला. मी तरातरा वळणापर्यंत गेले.

"तुम्ही माणूस आहात का दगड? ती पोरगी कशासाठी पळाली, दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं की."

"मग?"

"पळाली. बाद हाय." मग ते प्रियांकाजवळ गेले, तिच्यापुढं उकिडवे बसले आणि म्हणाले, "तू बाद हायस. आन तू लय भारी हायस. दोनी खरं हाय. घरला जाऊन आईला दोनी सांग." ती रडता रडता त्यांच्याकडं बघत राहिली.

उठून ते माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले, म्हणजे त्यांचा चांगला कान माझ्याकडं येईल असे.

"बाई, पंदरा वर्साची पोर. तिनं इचार सुदा केला न्हाई. वळली." मग म्हणाले, "म्या न्हाई वळलो."

त्यांनी हातातलं कार्ड खिशात घातलं.

"येत्या ऐतवारी मोकळ्या हायसा का? हौसाक्काकडं जायाचंय. एकट्याला सांगाय येत न्हाई मला. दोन वर्सं बगतोय, तोंडच उगडत न्हाई." मी काही म्हणायच्या आत ते पुढं म्हणाले, "रस्ता तुमाला म्हाईतच हाय. मागच्या खेपंला कॅनामागं हुबं हुतासा. निळी पिशवी. नाव घातल्याली."

माझी मान लाजेनं खाली गेली, आणि तरी मला हसू आलं.

रविवारी आम्ही एकाच बाकावर बसून गेलो. वाटेत मी त्यांना म्हणाले, मी मनापासून म्हणाले, "सर, तुमचा कान तेव्हाच गेला ना? मग त्यांना तेवढंच सांगा. संभानं हाक मारली असेल तर तुम्हाला ऐकूच आली नाही. कुणीही मान्य करील."

"डावा गेला, बाई. उजव्यानं ऐकलं."

नदीचा पूल मागं पडला आणि आम्ही उतरलो.

हौसाक्का अंगण झाडत होत्या. आम्हाला बघून त्यांनी झाडणी खाली ठेवली नाही. "आज संगं कोन आनलंयस? वकील?"

"आमच्या शाळंतल्या बाई हायत. गणिताच्या," सर म्हणाले. आज ते कट्ट्यावर बसले नाहीत. अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिले. "आक्का, तुमी इचारत हुता न्हवं. जिता हुता."

झाडणी खाली पडली.

"म्या जवळनं गेलो तवा जिता हुता. हात वर केला त्यानं. 'हणम्या' म्हनला. म्या ऐकलं. मला दोन लाल कार्डं पडली हुती, आक्का. आजून एक पडलं आस्तं की बाद. म्होरं शेवटाची रेघ दिसत हुती. फुटलं काय, धूर कशाचा, मला कायबी उमजत न्हवतं. डोस्क्यात एवडंच की पळायचं न्हाई, थांबायचं न्हाई, रेघ वलांडायची. ती वलांडली आन मग समदं समजलं. मागं आलो तवर..."

"तवर गेला हुता," हौसाक्का म्हणाल्या.

"व्हय."

"आन दोन वर्सं मी तोंडावर म्हनतीया, तुला बाँबचं म्हाईत हुतं. गाव म्हनतंय. तू का बोलला न्हाईस रं?"

"तुमी तसं म्हनत हुता त्ये बरं वाटायचं, आक्का. त्ये खोटं हुतं न्हवं. खोटं सोसाय येतंय."

मला त्या क्षणी तो कागद आठवला, फाइलमधला. तो भिंतीवर लागला असता तर लोकांनी बाँबचं बोलणं सोडलं असतं आणि दुसरं विचारलं असतं. मग तू थांबला का नाहीस? आमचा सगळ्यांचा संशय हा माणूस पांघरूण घेतल्यासारखा अंगावर घेऊन बसला होता.

हौसाक्का रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. त्यांची नजर अजून सरांवर रोखलेली होती, पुरावा तपासणाऱ्या माणसासारखी. त्या गल्लीत उतरल्या, रस्त्याच्या मधोमध गेल्या आणि मातीत खाली बसल्या.

"संभा हितं हाय," म्हणाल्या. "चाल. जसा गेलास तसा. बाई, तुमी पावलं मोजा."

सर दहा पावलं मागं गेले. कोपरं आखडली आणि निघाले. टाच, पंजा, टाच, पंजा, कमर हलवत, नजर सरळ. डेअरीवाला मापं हातात धरून बघत उभा राहिला. ते शेजारून जाताना हौसाक्कांनी हात वर केला.

"हणम्या!"

सरांचा खांदा हलला, पण पाय थांबले नाहीत. ते प्रामाणिकपणे चालत राहिले. मी मोजत होते. नऊ झाली, जिथं व्हिडिओ संपतो. वीस. तीस. लिंबाचं झाड मागं पडलं. चाळीस. उसाची रिकामी ट्रॉली उभी होती तिच्यापाशी ते थांबले, म्हणजे रेघ तिथं होती. अठ्ठेचाळीस. अंतर केवढं तरी वाटत होतं. रस्त्यात बसलेल्या आईला ते किती वाटलं असेल, याचा विचार मला करवेना.

"मागं कसा आलास?" त्या ओरडल्या.

"पळत!"

"मग पळ की!"

आणि टाच सर पळाले. तीन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच पळताना पाहिलं. चालताना एवढा बांधलेला माणूस पळताना अगदी वेडाबागडा दिसत होता, हात कुठं, पाय कुठं. एक चप्पल वाटेतच सुटली. ते येऊन हौसाक्कांपुढं गुडघ्यांवर पडले आणि धापा टाकत राहिले.

हौसाक्कांनी माझ्याकडं मान वळवली. "किती झाली वं बाई? किती पावलं माझं पोर एकटं हुतं?"

आयुष्यात मी मोजण्यात कधी चुकले नाही. आकडा माझ्या ओठांवर होता. पण त्या दोघांना तिथं मातीत बसलेलं बघून मी म्हणाले, "तीस. तीसच झाली, आक्का."

"अठ्ठेचाळीस," सर म्हणाले. त्यांना धड श्वास घेता येत नव्हता. "अठ्ठेचाळीस, आक्का. बाई चुकल्या."

हौसाक्कांनी माझ्याकडं पाहिलं, मग सरांकडं. खूप वेळ पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या माणसाच्या तोंडून काय ऐकण्याची वाट पाहिली असेल, ते मला तेव्हा कळलं. अठरा पावलं फुकट मिळत होती आणि त्यानं ती घेतली नव्हती. हौसाक्कांचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्यांनी सरांच्या खांद्याला धरलं, त्यांचाच आधार घेऊन उठल्या आणि मग तोंडाला पदर लावून हुंदका दिला. सरही रडत होते. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"उट," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "चप्पल घे ती. आत चल. चा टाकते."

आत एकच खोली होती. भिंतीवर संभाचा फोटो, छातीवर नंबर लावलेला, दात दाखवून हसणारा. सर सवयीनं त्या फोटोखालच्या खुर्चीकडं वळले. पाठीला भिंत, समोर दार.

"तितं नगं," हौसाक्का चुलीपासून म्हणाल्या. "हितं बस. त्याच्या म्होरं."

ते क्षणभर उभे राहिले. दाराकडं बघितलं, गल्लीत बघितलं, मग माझ्याकडं. मग फोटोसमोर पाट होता त्यावर बसले, सताड उघड्या दाराकडं पाठ करून.

मी दाराशी बसले आणि चहा होईपर्यंत गल्लीतून कोण येतंय, कोण जातंय, ते बघत राहिले.